अन्न सोडलं, की अन्न तोडलं?

आपल्याकडे घरातलं म्हातारं माणूस गेलं की भेटायला आलेल्यांना घरचे सांगायचे, ‘चार दिवसांपासून अन्न सोडलं होतं हो त्यांनी.’ ऐकणारा मान हलवायचा आणि विषय तिथेच संपायचा. या वाक्यात अन्न कोणी सोडलं? जाणाऱ्यानं. घरच्यांनी काय केलं? चमच्यानं पाणी घातलं, पाय चेपले, पलंगावरून खाली भुईवर घेतलं, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान ठेवलं. निर्णय असा कोणालाच घ्यावा लागला नाही. घ्यावा लागतो हेच माहीत नव्हतं.

आता तेच वाक्य बदललंय. आता भाऊ भावाला विचारतो, ‘आईचं अन्न तोडलंस तू?’ मेलेल्या माणसाच्या तेराव्याला हा प्रश्न विचारला गेलेला मी ऐकलाय, म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर वेळ काढून वाचा.

विषय आहे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि त्यातल्या शेवटच्या वर्षभराचा. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हा आजार पिढ्यान्‌पिढ्या हसण्यावारी नेला. ‘म्हातारचळ’ हा त्याचा आपला जुना शब्द. तो आजार आहे आणि त्यानं माणूस मरतो, हे आपल्या भाषेत आलंच नाही. ‘अस्तु’ सिनेमात डॉ. मोहन आगाशेंनी साकारलेले संस्कृतचे पंडित पाहून बऱ्याच मराठी घरांना पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे चाललंय ते हेच. तोही सिनेमा किती तालुक्यांत लागला असेल, सोडून द्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. हा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या लोकांचा आजार आहे असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी हा आकडा परत वाचावा.

ज्या बाईमुळे अल्झायमर या रोगाचं नाव जगाला कळलं, तिची गोष्ट आधी सांगतो. ऑगस्टे डेटर. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात तिला नवऱ्यानं दाखल केलं तेव्हा ती ५१ वर्षांची होती. नवरा रेल्वेत कारकून. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला स्वतःचं नाव लिहायला सांगायचे, ती सुरुवात करायची आणि मध्येच विसरायची. दवाखान्याचा खर्च नवऱ्याला झेपेना, म्हणून त्यानं तिला स्वस्तातल्या ठिकाणी हलवायचं ठरवलं होतं. अल्झायमरनी मध्ये पडून तिला तिथेच ठेवून घेतलं, कारण पुढे तिचे कागदपत्र आणि मेंदू त्यांना तपासायचा होता. एप्रिल १९०६ मध्ये ती गेली. मेंदूचा आजार मोठा, पण जीव गेला तो अंथरुणाला खिळून पाठीला झालेल्या जखमांमधून रक्तात पसरलेल्या जंतूंनी. त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमरनी डॉक्टरांच्या सभेत तिची हकीकत मांडली आणि १९१० मध्ये या रोगाला त्यांचं नाव पडलं.

म्हणजे रोगाच्या पहिल्या नोंदीतच सगळं आहे बघा. न परवडणारा खर्च, हतबल नवरा, पाठीच्या जखमा. फक्त एक गोष्ट नव्हती, नळी. ऑगस्टेच्या नवऱ्याला कोणी विचारलं नाही की नाकातून नळी घालायची का, व्हेंटिलेटर लावायचा का, छाती दाबायची का.

हे प्रश्न यंत्रांनी आणले. आपल्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये जिला ‘रायल्स ट्यूब’ म्हणतात ती लंडनच्या डॉ. जॉन रायल यांनी १९२१ च्या सुमाराला काढली. गंमत अशी की ती नळी पोटात अन्न घालायला नव्हतीच. पोटातला रस तपासणीसाठी बाहेर काढायला होती. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातानं फुगे दाबत रुग्णांना श्वास दिला. आजच्या आयसीयूचा जन्म तिथला. छाती दाबून थांबलेलं हृदय सुरू करायची पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतून आली. पोटाला भोक पाडून थेट जठरात बसवायची नळी १९७९ मध्ये क्लीव्हलँडला निघाली, तीही गिळता न येणाऱ्या लहान मुलांसाठी. पोलिओचा मुलगा बरा होऊन घरी जाईल, बुडालेला माणूस शुद्धीवर येईल, यासाठी ही सगळी साधनं होती. ती ऐंशी वर्षांच्या, मुलाला न ओळखणाऱ्या आजीच्या खाटेपर्यंत कधी आणि कशी पोचली, याचा निर्णय कोणीच घेतला नाही. साधन होतं, म्हणून वापरलं.

मग कोर्ट आलं.

अमेरिकेत १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टानं कॅरेन क्विनलन या तरुण मुलीचा व्हेंटिलेटर काढायची परवानगी तिच्या आईवडलांना दिली. ती यंत्राशिवाय श्वास घेत राहिली आणि १९८५ पर्यंत नळीच्या अन्नावर जगली. मग नॅन्सी क्रूझन. १९८३ चा मोटार अपघात, १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तिच्या प्रकरणात प्रश्न नळीचाच होता. त्याच वर्षी तिथं कायदा झाला की दवाखान्यात दाखल होणाऱ्या माणसाला त्याच्या शेवटच्या उपचारांबद्दलच्या हक्काची माहिती द्यायची.

आपल्याकडची वाट मुंबईतून जाते. १९८१ मध्ये मिनू मसानींनी मुंबईत सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मारुती श्रीपती दुबळ यांचं प्रकरण आलं. हा मुंबई पोलिसांतला शिपाई, अपघातानंतर मानसिक आजार जडलेला, त्यानं स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ३०९ कलमच घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच म्हटलं आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असं ठरलं. पण त्याच निकालात एक फट राहिली. मरण आधीच दाराशी आलेलं असेल तर ते सन्मानानं येऊ देणं ही वेगळी गोष्ट, असं न्यायमूर्तींनी लिहून ठेवलं.

आणि मग अरुणा शानबाग. केईएमची नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्यानं मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात पडून होती. ४२ वर्षं. पत्रकार पिंकी विराणी तिच्या वतीनं कोर्टात गेल्या की तिला आता जाऊ द्या. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, कृत्रिम आधार काढून घ्यायला काही अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीनं मुभा आहे. दुसरी, पण अरुणाच्या बाबतीत हे ठरवायचा अधिकार विराणींना नाही, तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना आहे, कारण इतकी वर्षं तिला त्यांनी सांभाळलं. आणि त्यांना ती हवी होती.

या निकालावर तेव्हा चिक्कार लिहून आलं. सगळा जोर पहिल्या मुद्द्यावर. मला मात्र दुसरा मुद्दा मोठा वाटतो. कोर्टानं विचारलं, हिचं शी-शू कोणी काढलं? घास कोणी भरवला? त्याचा शब्द चालेल. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला एक जखम झाली नाही, हे त्या नर्सेसचं सर्टिफिकेट होतं. ऑगस्टे डेटर आठवा. आता आपल्या घरांकडे या. आपल्याकडे आईच्या शेवटच्या उपचारांचा निर्णय कोण घेतं? जो सांभाळतो तो नाही. जी सून दिवसातून चार वेळा चादर बदलते, तिला तर आयसीयूच्या दारात कोणी विचारतही नाही. निर्णय घेतो तो, जो विमानानं येतो.

आमच्याच नात्यातलं सांगतो. मोठी काकू, ८१ वर्षांची, सहा वर्षं डिमेन्शिया. थोरला चुलतभाऊ आणि वहिनी गावात, धाकटा बाहेर. शेवटच्या वर्षात काकू बोलायची थांबली. घास तोंडात धरून बसायची, गिळायचं विसरायची. ठसका लागून न्यूमोनिया झाला, दवाखाना झाला. पहिल्यांदा अकरा दिवस. नाकात नळी. ती नळी उपसून काढायची म्हणून दोन्ही हात खाटेच्या दांडीला पट्टीनं बांधले होते. जिनं आयुष्यभर आल्यागेल्याला जेवू घातलं त्या बाईचे हात बांधून तिला जेवण चाललं होतं. मी पाहिलंय. घरी आणलं, दोन महिन्यांत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ठसका लागून ताप आला तेव्हा वहिनी म्हणाली, ‘आता नाही न्यायचं हात बांधायला.’ गावातल्या डॉक्टरांनी ताप आणि धाप कमी करायची औषधं घरीच दिली, चमच्यानं पेज भरवा, घेतील तेवढी, असं सांगितलं. काकू नऊ दिवसांनी गेली, वहिनीचा हात हातात असताना. आणि तेराव्याला धाकट्यानं तो प्रश्न विचारला. दोन्ही घरं आज एकमेकांकडे जेवत नाहीत.

त्या धाकट्याला मी खलनायक करणार नाही. त्याला खरंच वाटतं की नळी घातली असती तर आई जगली असती. बहुतेकांना तसंच वाटतं. म्हणून विज्ञान काय म्हणतं ते नीट सांगायला हवं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तोवरचा सगळा अभ्यास एकत्र करून पाहिला. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीनं आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो, जखमा भरतात, याचा पुरावा त्यांना सापडला नाही. नळी असली तरी तोंडातली लाळ आणि पोटातून उलटं आलेलं अन्न फुप्फुसात जायचं ते जातंच. २००९ मध्ये अशा ३२३ रुग्णांचा पाठपुरावा करणारा अभ्यास आला. दीड वर्षात निम्म्याहून जास्त गेले आणि खाण्यागिळण्याचा त्रास ८६ टक्के लोकांना झाला. म्हणजे अन्न तुटणं हे मरणाचं कारण नाही, ते या आजाराचं शेवटचं पाऊल आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं स्पष्ट सांगितलं की नळी नको, हातानं भरवा. तिथल्या वृद्धाश्रमांत अशा रुग्णांना नळी घालण्याचं प्रमाण २००० मध्ये जवळपास १२ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत ६ टक्क्यांच्या खाली आलं. शंभर वर्षं फिरून ते आमच्या आज्यांच्या चमच्यापाशी आले म्हणायचे.

आता कोणी म्हणेल, अन्न सोडणं आपल्या परंपरेत आहेच की. आहे. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केलं. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. या दोघांना एका बाकावर बसवायची कोणाची छाती होणार नाही, पण शेवट दोघांनी एकाच रीतीनं निवडला. जैन समाजात संथारा आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला आणि महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ठरवणाऱ्याची बुद्धी शाबूत होती. विनोबा काय करतायत ते विनोबांना कळत होतं. काकूला आपण काकू आहोत हेही कळत नव्हतं.

डिमेन्शियाची खरी गोची इथे आहे. आणि कायद्याचीही. क्विनलन, क्रूझन, शानबाग, तिघींवर घाला अचानक आला, तिघी तरुण होत्या. कायदा त्यांच्या मापानं शिवला गेला. एक क्षण, एक यंत्र, एक परवानगी. डिमेन्शियात क्षण नसतो. आठ-दहा वर्षं माणूस थेंबाथेंबानं जातो, बहुतेक घरीच, आणि बंद करायला यंत्रही नसतं. तिथले प्रश्न वेगळे. या वेळी दवाखान्यात न्यायचं का? सलाइन लावायचं का? प्रत्येक तापाला अँटिबायोटिक द्यायचंच का?

तरीही कायदा पुढे सरकला आहे आणि तो माहीत हवा. ‘कॉमन कॉज’ या संस्थेनं २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि माणूस शुद्धीत असताना ‘लिव्हिंग विल’ करून ठेवू शकतो. पण अटी अशा घातल्या की कागद करावा तर न्यायदंडाधिकाऱ्याची सही आणा आणि अमलात आणावा तर जिल्हाधिकाऱ्यांनी मंडळ नेमा, मग न्यायदंडाधिकारी स्वतः येऊन रुग्णाला बघणार. आपल्या तहसीलमध्ये साधा उतारा काढायला किती खेटे पडतात ते तुम्हाला माहीत आहे. ती वाट चालण्याजोगी नव्हतीच. आयसीयूच्या डॉक्टरांची संघटना पुन्हा कोर्टात गेली आणि २४ जानेवारी २०२३ ला अटी सैल झाल्या.

आता असं आहे. १८ वर्षांवरच्या, बुद्धी शाबूत असलेल्या कोणाही माणसानं आपल्या मर्जीनं लिहायचं की बरं होण्याची आशा नसताना मला अमुक उपचार नकोत. दोन साक्षीदार. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीनं बोलणाऱ्या एका किंवा जास्त माणसांची नावं घालायची (इथे सांभाळणाऱ्या सुनेचं नाव घालता येतं, हे अधोरेखित करून वाचा). एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक नगरपालिका, नगरपरिषद किंवा पंचायतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. वेळ आली की दवाखान्याचं तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ, शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं, न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं. लिव्हिंग विल नसेल तर जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं हीच पद्धत. दुसऱ्या मंडळावर जिल्ह्याच्या ‘चीफ मेडिकल ऑफिसर’नं डॉक्टर नेमायचा, असं निकालात आहे. आपल्याकडे जिल्ह्याला असतात सिव्हिल सर्जन आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. दिल्लीत बसून लिहिलं की असं होतं.

मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं आणि ते ठेवून घ्यायला अधिकारीच नेमलेला नाही म्हणून उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला. त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमायला गती आली. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी जाहीर कार्यक्रमात स्वतःचं नोंदवलं. न्यायमूर्तीच करतायत म्हटल्यावर लोकांची भीड मोडते, हे फार चांगलं झालं.

गावाकडे काय? मागच्या पंधरवड्यात एका नगरपरिषदेत जाऊन विचारलं. टेबलवरचा माणूस म्हणाला, ‘मृत्युपत्र ना? ते दुय्यम निबंधकाकडं.’ म्हटलं, मेल्यावरचं नाही, मरायच्या आधीचं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग आतून एकानं विचारलं, ‘पत्रकार, तब्येत बरी आहे ना?’ त्यांचा दोष नाही, त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलंच नाही. आणि प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पैसे संपतात किंवा धीर संपतो, घरचे ‘आमच्या जबाबदारीवर नेतोय’ असं लिहून देतात आणि रुग्ण घरी येतो. त्या कागदावर घरच्यांची सही असते. वेदना कशी कमी करायची, धाप लागली तर काय द्यायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस किती वेळानं बदलायची, हे त्या कागदावर काहीच नसतं. केरळनं २००८ मध्येच घरी जाऊन अशी सेवा देण्याचं धोरण केलं, गावपातळीवर नर्स फिरतात. देशातला पहिला हॉस्पिस मात्र आपल्याकडचा, १९८६ चा, वांद्र्याचा शांती आवेदना. तो कॅन्सरच्या रुग्णांसाठी. डिमेन्शियाच्या म्हातारीसाठी आपल्या तालुक्यात आज फक्त तिची सून आहे.

एक गोष्ट मात्र सरकारची वाट न बघता होऊ शकते. विसरायला नुकती सुरुवात झाली असेल, चष्मा फ्रीजमध्ये सापडत असेल, तेव्हाच बसून विचारा. ‘बाबा, पुढं गिळता आलं नाही तर नळी घालू का?’ अभद्र बोलू नका म्हणून घरातलं कोणीतरी ओरडेल, ते धरून चाला. सगळी भावंडं समोर असताना विचारा, बाहेरगावचा भाऊ व्हिडिओ कॉलवर घ्या. उत्तर तारीख घालून वहीत लिहा, मग नोटरीकडे जा. निदान झाल्या दिवशी माणसाची समज जात नाही, सुरुवातीच्या काळात तो स्वतःचं म्हणणं सांगू शकतो. वर्ष-दोन वर्षांनी हा प्रश्न विचारायला समोर माणूस असेल, उत्तर द्यायला नसेल.

नगरपरिषदेत मी लेखी अर्ज देऊन आलोय की लिव्हिंग विल ठेवून घेणारा अधिकारी कोण, त्याचं नाव आणि टेबल सांगा. पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.